अंडी ट्रकमध्ये चालणार नाहीत

ट्रक सकाळी साडेसातलाच दारात येऊन उभा राहिला. चार हमाल उतरले, आणि त्यांच्यामागे त्यांचा मुकादम हितेंद्र, हातात फोन घेऊन.

जामनेरच्या सरकारी दवाखान्यात मी अकरा वर्षं नर्स होते. आता बढती मिळून धुळ्याला बदली झाली होती आणि देवपुरात आम्ही मागे जरा मोकळी जागा असलेलं छोटं घर घेतलं होतं. आमचं पहिलं स्वतःचं घर. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर व्हायचं होतं. मला चार दिवस धड झोप नव्हती, पण ती आनंदाने उडाली होती. माझ्या सासूबाई, पार्वताबाई, ज्यांना मी आई म्हणते, माझ्याहून जास्त फुलल्या होत्या. त्यांचं माहेर पारोळ्याचं. आता तासाभरात माहेर गाठता येणार होतं.

"ताई, यादी पाठवली होती, वाचली ना?" हितेंद्रने विचारलं.

वाचली कोणीच नव्हती. मग त्याने घरभर फिरत एकेक गोष्ट बाजूला काढायला लावली. रंगाचा अर्धा डबा नको. इन्व्हर्टरची बॅटरी नको, आत ॲसिड असतं. कुंड्या नकोत. लोणच्याच्या तिन्ही बरण्या नकोत, कारण मागच्या महिन्यात कोणाचं तरी तेल सांडून गाद्या गेल्या होत्या. स्कुटीतलं पेट्रोल काढून द्यायचं. दागिने आणि घराचे कागद आपल्याजवळ ठेवायचे.

"आणि जिवंत काही चालत नाही," तो म्हणाला.

तेवढ्यात मागच्या खोलीत फडफड झाली. हमालांनी दिवाण उचलला होता, आणि दिवाणाखाली पाटीत आईंची तांबडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसलेली होती. ती किंचाळत बाहेर पळाली आणि थेट शेजारच्या पत्र्यावर जाऊन बसली.

अंडी उबवायला तांबडीचं हे पहिलंच खुडूक बसणं. आधीची सगळी अंडी मुंगसाने नेली होती, म्हणून या वेळी आईंनी पाटी स्वतःच्या दिवाणाखाली घेतली होती. आज विसावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघतात.

प्रशील, माझा नवरा, शिडी लावून तासभर तिच्यामागे लागला. दाणे टाकले, चादर टाकली. ती या पत्र्यावरून त्या पत्र्यावर. शेवटी शेजारच्या कुंदाबाई म्हणाल्या, "संध्याकाळी आपोआप उतरेल. तांबडी राहू द्या माझ्याकडे. पण अंड्यांवर बसेल असं वाटत नाही, बुजलीय ती."

अंडी उचलून मी अंधाऱ्या मोरीत गेले. एकेका अंड्यामागे फोनचा टॉर्च धरला. काळा गोळा, वर पोकळी. तिसऱ्या अंड्यात त्या पोकळीत काहीतरी टुचकन हललं. मी ओरडलेच.

"बठ्ठा जित्ता शेतस ना वं?" आईंनी दाराबाहेरून विचारलं.

"सगळी जिवंत की नाही माहीत नाही, पण नऊ तर नक्की आहेत!"

आई हितेंद्रकडे वळल्या. "अंडं जित्तं राहस का रे भाऊ?"

हितेंद्रने यादीत पाहिलं. "आजी, कोंबडी लिहिलीय, अंडी नाही लिहिली. पण काच फुटली तरी आमच्यावर येतं, आणि तुमचं तर आतून फुटणारं. ट्रकमध्ये नाही चालणार."

मग ठरलं. आमच्या जुन्या गाडीत डिकीत बरण्या, मधे कुंड्या, मागच्या सीटवर आई आणि त्यांच्या मांडीवर पाटी. पाटीत जुन्या सुती लुगड्याच्या घड्या, त्यात अंडी, आणि अंड्यांच्या मधोमध माझा ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. अंड्यांना नव्व्याण्णव-शंभर लागतं, म्हणजे निरोगी बाळाहून किंचित जास्त. इन्व्हर्टरची बॅटरी प्रशीलच्या मित्राकडे ठेवली आणि ट्रकच्या मागोमाग अकराला निघालो.

मे महिना. बाहेर चव्वेचाळीस. आत एसी बारीक ठेवून मी दर दहा मिनिटांनी थर्मामीटर नव्याने सुरू करून आकडा वाचत होते. नेरी गेलं, नव्व्याण्णव. जळगाव गेलं, नव्व्याण्णव पॉइंट चार. आई अंड्यांशी बोलत होत्या. ट्रक कधीच पुढे निघून गेला होता.

एरंडोलच्या पुढे एसीतून गरम वारा यायला लागला. प्रशीलने बटणं दाबून पाहिली, मग काचा खाली केल्या. झळ अशी आत आली की आईंनी पदर पाटीवर ओढला.

"किती?" प्रशील.

"एकशे एक."

थोड्या वेळाने एकशे दोन. मग एकशे तीन. दवाखान्यात एकशे तीनचं मूल आलं की मी काय करते? मी पाण्याची बाटली उघडली, रुमाल भिजवला, पिळला आणि लुगड्याच्या घडीवर पसरला. "पारोळा किती राहिलं?"

"दहा किलोमीटर."

"पळव."

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याकडेला एक रसवंती दिसली. आत मोठा कूलर घरघरत होता. मी उतरून धावले. मालक लोटनभाऊ चरकात ऊस घालत होते. मी काय सांगितलं मला आठवत नाही, पण आईंनी पाटी हातात धरून अहिराणीत दोन वाक्यं सांगितली आणि लोटनभाऊंनी हात पुसले.

"अक्का, इकडे बसा. कूलरच्या बाजूला, समोर नको."

एकशे दोन. एकशे एक. बरोबर नव्व्याण्णव पॉइंट सहा झाल्यावर मी श्वास सोडला. आणि तेव्हाच आईंनी बोट वर केलं.

"आयक. बोली ऱ्हायनं!"

मला काही ऐकू येईना. चरकाचा खडखडाट, गिऱ्हाइकांचा गलका. लोटनभाऊंनी हात लांबवून चरक बंद केला. कूलरही बंद केला. बाकांवरची सात-आठ माणसं गप्प झाली. आणि त्या गप्प झालेल्या रसवंतीत अंड्याच्या आतून आवाज आला. बारीक. चिव, चिव.

एका ड्रायव्हरने हातातला ग्लास खाली ठेवला. सगळे पाटीभोवती वाकले. अंड्यावर एक तडा होता, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"ताई, फोडून देऊ का थोडं?" त्या ड्रायव्हरने विचारलं.

"हात लावू नका! त्याचं त्याला करू द्या."

पाऊण तास गेला. तडा वाढून गोल झाला, टोपी उघडल्यासारखं टरफल सरकलं आणि एक ओलं, वाकडं, कुरूप पिल्लू लुगड्यावर पडलं. रसवंतीत टाळ्या वाजल्या. आईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. लोटनभाऊंनी सगळ्यांना एकेक ग्लास रस पुन्हा भरून दिला.

दुसरं फुटत असताना प्रशीलचा फोन वाजला. हितेंद्र. "साहेब, देवपुरात घरासमोर उभा आहे. कुलूप आहे. सामान काय रस्त्यावर उतरवू?"

किल्ली आमच्याकडे. पिल्लं या उन्हात, एसी नसलेल्या गाडीत न्यायची नव्हती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"मी एसटीने जातो," प्रशील म्हणाला. "ऊन उतरलं की तू गाडी घेऊन ये."

"मी?"

लायसन्स काढून मला दोन वर्षं झाली होती. जामनेरच्या बाजारापलीकडे मी कधी गाडी नेली नव्हती. "हायवेवर?" मी विचारलं. प्रशीलने गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि समोर थांबलेल्या एसटीकडे पळाला.

साडेपाचला निघालो तेव्हा पाटीत सहा पिल्लं होती. वाळून पिसारलेली, एकमेकांवर चढणारी. सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, पहिला गिअर टाकला. पहिले पाच किलोमीटर माझे खांदे कानांना लागले होते. एक कंटेनर हॉर्न वाजवत इतका जवळून गेला की गाडी हलली.

"सातवं!" मागून आई ओरडल्या.

"आई, मला दचकवू नका!"

"बरं. पण सातवं शे."

मुकटीच्या पुढे एक ट्रॅक्टर रांगत होता. मागे रांग लागलेली. मी इंडिकेटर दिला, समोर पाहिलं, रस्ता मोकळा होता. गिअर बदलला आणि पुढे काढली. बाजूला ट्रॅक्टर मागे पडताना माझ्या तोंडून आपोआप किंकाळी निघाली, आनंदाची. आईंनी मागून टाळी वाजवली. त्यानंतर मी चौथ्या गिअरला घाबरले नाही. आठवं पिल्लू कधी निघालं ते मला कळलंच नाही. नववं धुळ्याच्या चौकात, सिग्नलला, आणि शेजारच्या रिक्षावाल्याने मान आत घालून पाहिलं.

घरासमोर मी गाडी तिरपी थांबवली. एक चाक गटाराच्या कडेला. प्रशील घामाघूम होऊन दारातून धावत आला. "तू आणलीस! अगं, तू आणलीस!"

मी उतरून गाडीला टेकले. मला थांबता येत नव्हतं, मी हसत होते. त्याने पाटी घ्यायला मागचं दार खसकन उघडलं.

"हळू रे," आई आतून दटावून म्हणाल्या. "दहावं निघी ऱ्हायनं."