पिंजरा तोच, दाणे सरकारी

धाकटी जाहीरनामे शेवटच्या पानापासून वाचायची. पहिल्या पानावर पक्ष नटूनथटून उभा असतो, ती म्हणायची, आणि शेवटच्या पानावर उरलंसुरलं सामान कोंबलेलं असतं. माणसाचं घर कळायचं तर बैठकीची खोली बघून काय उपयोग, माळा बघावा.

प्रांताच्या निवडणुका लागल्या की एका पुरोगामी साप्ताहिकात तिचं सदर सुरू व्हायचं. दर अंकात एक पक्ष घ्यायचा, त्याची आश्वासनं झटकून, उलटीसुलटी करून बघायची आणि शेवटी शाळेसारखा निकाल लावायचा: पास, काठावर पास, नापास. पहिल्या वर्गात आजवर कुणी आलं नव्हतं. वाचक त्या निकालासाठी अंक घ्यायचे आणि त्या वाचकांसाठी संपादक तिचा फटकळपणा चालवून घ्यायचे.

सदर लिहिलं जायचं ते मात्र कचेरीत नाही, आईच्या खोलीत.

आईने अंथरूण धरल्याला बरीच वर्षं झाली होती. आधी पाय गेले, मग हळूहळू माणसांची नावं गेली. सांभाळायला थोरली. थोरली चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हातात असा गुण की लोक तिची सुट्टी बघून परत जायचे आणि ती असेल तेव्हा यायचे. आई पडली तेव्हा तिने थोडे दिवस म्हणून रजा घेतली आणि त्या थोड्या दिवसांना काही शेवट आला नाही. धाकटीचा वाटा रविवारच्या दुपारचा. ती आली की थोरली चपला सरकवायची आणि बाहेर पडायची. कुठे जातेस, असं धाकटीने कधी विचारलं नाही. घटकाभर सुटलेल्या माणसाला पत्ता विचारू नये, असं तिचं तत्त्व होतं. तत्त्वं तिच्याकडे पुष्कळ होती आणि त्यांतली बरीचशी सोयीची होती.

खिडकीपाशी टेबल होतं. औषधांच्या बाटल्या एका बाजूला सारायच्या आणि लिहायला बसायचं. वाक्य जमलंसं वाटलं की ते आईला मोठ्याने म्हणून दाखवायचं. आईला अर्थ कळत असो नसो, ताल कळायचा. ती हसली तर वाक्य राहायचं, नाही तर जायचं. एवढा रोखठोक न्याय धाकटीला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता.

त्या रविवारी टेबलावर मास्तरीणबाईंच्या पक्षाचा जाहीरनामा होता. मास्तरीणबाई त्या भागाच्या उमेदवार. सारा जन्म शाळेत गेलेला. पक्ष लहान, पण धाकटीच्या मनातला. म्हणूनच तिने त्याला जास्त कडक तपासायचं ठरवलं. आपलं पोर आपल्याच वर्गात असलं की बाई त्याचे मार्क हटकून कापतात, तसं.

शेवटच्या पानावरचं शेवटचं कलम होतं: घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची देखभाल करणाऱ्याला दरमहा मानधन.

धाकटीचं डोकं फिरलं. अरे, हे काम सरकारचं. शुश्रूषेची केंद्रं बांधा, शिकलेली माणसं नेमा, त्यांना नीट पगार द्या. ते राहिलं बाजूला, आणि लेकीसुनांच्या हातावर चार पैसे टेकवून त्यांना चार भिंतींत बसवून ठेवायचं, वर स्वतःला पुरोगामी म्हणवायचं. तिने भराभर लिहून काढलं. मुद्दा पक्का होता. फक्त शेवटाला एक टाचणी हवी होती.

“पिंजरा जुनाच, खर्च सरकारी,” तिने आईला म्हणून दाखवलं. आई पंख्याकडे बघत राहिली.

“पिंजरा तोच, खुराक सरकारी.”

काही नाही.

“पिंजरा तोच, दाणे सरकारी.”

आईचा चेहरा हलला. धाकटीने पलंगाच्या कडेवर बोटांनी ताल धरला आणि पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा. आता आईने ‘सरकारी’ तिच्याबरोबर म्हटलं आणि ती खुदकन हसली. वाक्य राहिलं. निकाल: काठावर पास.

संध्याकाळी थोरली परतली ती काही वेगळ्याच रंगात. चपला काढायच्या आधी तिने विचारलं, “मास्तरीणबाईंचा जाहीरनामा आला ना तुझ्याकडे?”

“त्यावरच लिहिलं आज.”

“शेवटपर्यंत वाचलास?”

“मी शेवटापासूनच वाचते, ताई.”

“मग? ते शेवटचं कलम?”

“आत्ताच सांगितलं तर अंक कोण घेणार? गुरुवारी बघ.”

थोरली ओठ मिटून हसली. लहानपणी वाढदिवसाची भेट पाठीमागे लपवून उभी राहायची तेव्हा हसायची, तशी. धाकटीला वाटलं, बाहेर काहीतरी चमचमीत खाऊन आली असेल.

पलंगावरून आई म्हणाली, “पिंजरा तोच.”

“हे काय नवीन?”

“माझं वाक्य आहे. पाठ झालंय तिला.”

“घ्या. पोटच्या पोरींची नावं जातात आणि तुझी वाक्यं राहतात,” थोरली म्हणाली आणि लापशी गरम करायला आत गेली.

गुरुवारी अंक आला आणि वाक्याला पाय फुटले. चहाच्या टपरीवर आलं, फोनवर फिरलं. शनिवारी ते प्रतिपक्षाच्या प्रचारगाडीवरून ओरडत गेलं. केंद्रंही द्यायची नाहीत आणि मानधनही द्यायचं नाही असं ज्यांचं धोरण, त्यांच्या गाडीवरून. त्याच दुपारी मास्तरीणबाईंच्या पक्षाने ते कलम फेरविचारासाठी मागे घेतलं.

“कलम पाडलंस बघ,” संपादक म्हणाले. “आपल्या सदराला दात आहेत म्हणायचे.”

धाकटीने थोरलीला फोन लावला. उचलला नाही. हातात चमचा असेल, ती स्वतःशी म्हणाली.

रविवारी ती गेली तेव्हा थोरलीच्या चपला कोपऱ्यात होत्या त्या तिथेच राहिल्या.

“आज जायचं नाही?”

“कुठे?”

“नेहमी जातेस तिथे.”

“ते मिटलं,” थोरली म्हणाली. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत तिने सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत तिच्यासारख्या बायका जमायच्या. सगळ्यांच्या घरी कुणी ना कुणी पडून. दोघे-तिघे पुरुषही यायचे. एकाची बायको, एकाचा मोठा मुलगा. आधी नुसतं बोलायचे, रडायचे, कोणत्या दुकानात चांगल्या गाद्या मिळतात ते एकमेकांना सांगायचे. मग मास्तरीणबाईंना बोलावलं. त्या येईनात तेव्हा पुन्हा बोलावलं. शेवटी त्या म्हणाल्या, काय हवं ते एका ओळीत लिहून द्या.

“ते कलम तुझं?”

“शब्द माझे. ‘दरमहा’ तेवढं त्यांनी घातलं.”

धाकटी पलंगाच्या कडेवर बसली. “अगं, मला सांगायचंस तरी.”

“विचारायचंस तरी.”

चादरीची दोन टोकं थोरलीने हनुवटीखाली धरली, उरलेली दोन हातांत घेतली. ती एकटीने घडी घालायला कधी शिकली, हे धाकटीला आठवेना. पूर्वी दोघी मिळून घालायच्या.

“सगळ्यांना सांगून ठेवलं होतं मी. गुरुवारी अंक घ्या, माझी बहीण लिहितेय. घेतला त्यांनी.”

“ताई, मुद्दा खोटा नाहीये गं. केंद्रं हवीत ना?”

“हवीत की. बांधून झाली की आईला आपण दोघी मिळून नेऊ. तोवर रविवारची दुपार तुझी आणि बाकीचा आठवडा माझा.” तिचा आवाज जराही चढला नव्हता. “तुझं सगळं बरोबर आहे. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही मान डोलावली असती. पण बाहेरून पिंजरा दिसतो, आत बसलेल्याला दाणे दिसतात.”

धाकटी घातलेल्या घडीची कड बोटाने सरळ करत राहिली.

“तुझे डोळे मीच तपासलेत,” थोरली म्हणाली. “दूरचं तुला लख्ख दिसतं. जवळचं बघायला चष्मा लागेल, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. तू मनावर घेतलं नाहीस.”

दुसऱ्या दिवशी धाकटी संपादकांकडे दुरुस्ती छापा म्हणून गेली.

“तुझं मत बदललं?”

“नाही.”

“माहिती चुकली?”

“नाही.”

“मग दुरुस्ती कशाची छापू?”

शेवटी केंद्रं उभी राहीपर्यंत मानधन हवंच, असं चार ओळींचं टिपण तिने दिलं आणि त्यांनी ते आतल्या पानावर छापलंही. पण टोमण्यासाठी प्रचारगाडी मिळते, टिपणासाठी मिळत नाही. ते कुणी वाचलं असेल तर थोरलीने. आणि तिने तसं काही दाखवलं नाही.

मतदानाच्या दिवशी धाकटी सकाळीच आली. रविवार नसताना आलेली बघून थोरली क्षणभर घुटमळली, मग तिने पिशवी उचलली. “लापशी झाकून ठेवलीय. कोमट असतानाच दे. गार झाली की घशात अडकते तिच्या.”

धाकटीने आईला उशांना टेकवून बसवलं, गळ्याशी रुमाल खोचला, चमचा पुढे नेला. आईचे ओठ मिटलेले. तिने लाडीगोडी लावली, दटावलं, स्वतः आ करून दाखवला. आई तिच्याकडे बघत होती, नेमकी कशाची तरी वाट बघावी तशी, पण तोंड उघडत नव्हती.

थोरली परतली तेव्हा तिच्या बोटावर शाई होती आणि वाटी तशीच भरलेली होती.

“तोंडच उघडत नाही,” धाकटी म्हणाली.

“वाक्य म्हणालीस?”

“कुठलं?” असं ती म्हणाली खरी, पण तिच्या हातातला चमचा खाली आला होता.

थोरलीने पिशवी खुंटीला लावली. “तू शिकवून गेलीस, त्या रात्रीच मी घासाघासाला म्हणायला लागले. गंमत म्हणून. आई हसायची, मलाही बरं वाटायचं. तुझं वाक्य, काही चांगलंच असणार. गुरुवारी अंक वाचला. तोवर तिला सवय लागून गेली होती. आता त्याशिवाय घास घेत नाही.”

“म्हणजे तू रोज...”

“दोन्ही वेळा. उपाशी ठेवू का तिला?”

धाकटीने दुसरं एक वाक्य जुळवून पाहिलं, ताल तोच ठेवून. तिला ते जमायला हवं होतं. तिचा धंदाच तो. आई पंख्याकडे बघू लागली.

“गार होतंय,” थोरली म्हणाली. ती खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून टेबलावरच्या बाटल्या परत जागच्या जागी लावत होती.

“पिंजरा तोच,” धाकटी हळूच म्हणाली.

आईने मान वळवली.

“दाणे सरकारी.”

आई खुदकन हसली आणि तिने तोंड उघडलं. धाकटीने चमचा आत सरकवला, ओठांच्या कडेला आलेलं रुमालाने टिपलं आणि दुसरा भरला. आई वाट बघत होती.

“लहान घास दे,” थोरली वळून न बघता म्हणाली. “आणि जरा मोठ्याने म्हण. कमी ऐकू येतं आता तिला.”