संन्याशाला हातमोजे

दवाखान्याच्या व्हरांड्यातली प्लॅस्टिकची खुर्ची किती टोचते, हे मोठ्या सरांना त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. खुर्ची त्यांचीच, व्हरांडा त्यांचाच, दवाखानाही त्यांचाच. आपल्या माणसावर आपण सुरी चालवायची नाही आणि नातेवाइकांनी आत यायचं नाही, हे दोन्ही नियमही त्यांनीच केलेले. नियम करताना माणसाला वाटत असतं की ते दुसऱ्यांसाठी आहेत. आत टेबलावर त्यांची एकुलती एक लेक होती आणि तिचं सिझेरियन करत होत्या धाकट्या मॅडम, म्हणजे सरांनी हाताखाली घडवलेली त्यांची लाडकी शिष्या.

शेजारी विहीणबाई होत्या. त्यांच्या पलीकडे त्यांची थोरली सून, लेकीची जाऊ; बिचारी सासूसमोर घसा खाकरतानाही विचार करायची. तिच्या मांडीवर पाच वर्षांची चिंगी मुठी आवळून बसली होती. ही सोयरीक जुळली तीच मुळी चिंगीच्या जन्मामुळे. चिंगीला सरांनीच सिझेरियन करून बाहेर काढलं होतं. "काय बाई तो हात! पापणी लवायच्या आत पोर बाहेर!" म्हणत विहीणबाई इतक्या भारावल्या, की पुढे धाकट्या मुलासाठी त्यांनी सरळ सरांच्या लेकीलाच मागणी घातली. चिंगीच्या डाव्या गालावर एक बारीक पांढरी रेघ होती. सर भेटले की कौतुकाने तिचा गाल कुरवाळायचे, पण नेहमी उजवा.

आता या रेघेचं सांगायलाच हवं. कळा देऊन देऊन गर्भाशयाची भिंत पातळ होते. त्यात पाणी आधीच गेलेलं असलं, तर बाळाचं तोंड त्या भिंतीला अगदी चिकटलेलं असतं. सबुरीचा सर्जन शेवटचा पदर बोटाने हळूच उघडतो. घाईचा सर्जन तिथेही सुरीच चालवतो. बहुतेक वेळा निभावतं, एखाद्या वेळी बाळाला कापतं. सबुरी ठेवली तरीही कधी लागतं; पोटातलं काम आहे, भाजी चिरणं नव्हे. त्यात तोंड लपवण्यासारखं काही नसतं. आई-बापांना सांगावं, पट्टी लावावी, भरून येतं.

पण सरांचं नाव होतं ते वेगासाठी, आणि नावाला ओरखडा चालत नाही. मग असं काही झालं की सर हसतमुखाने बाहेर यायचे आणि म्हणायचे, "पोटातच स्वतःचं नख लावून घेतलंय बघा! भलतं अवखळ आहे!" नातेवाईक हसायचे. मागून नर्स बाळाच्या हातांत इवले पांढरे हातमोजे चढवायची. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसलाच न्याय. फक्त फाशी सुती होती.

दार उघडलं. धाकट्या मॅडम मास्क खाली ओढत बाहेर आल्या. "अभिनंदन सर! मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत."

मागून नर्स बाळ घेऊन आली. बाळाच्या भुवईवर पट्टी होती आणि हातांत मोजे.

"पोटातच स्वतःचं नख लावून घेतलंय," मॅडम म्हणाल्या. "भलती अवखळ आहे."

शब्द तेच, हसूही तेच. शिष्या असावी तर अशी! सरांनी पट्टीची कड उचलून पाहिली. जखम फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ होती, डोळ्याच्या अगदी वर. थोडी खाली असती तर? नख असं सरळ कापत नाही, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं! पण ओरडणार कोणाच्या नावाने? ते मुकाट्याने बाळामागून खोलीत गेले.

सरांचं ते वाक्य आजवर व्हरांड्यातच संपायचं. पुढे खोलीत त्याचं काय होतं, हे पाहायला ते कधी थांबले नव्हते. आज लेकीला तिथे आणलं, तेव्हा थांबावं लागलं.

"सांगत होते, त्या ताकदीच्या गोळ्या कमी घे म्हणून," विहीणबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला होता. "पोराची नखं वाढतील नाहीतर काय! थोरलीनेही हेच करून ठेवलं. आमच्या सुनांच्या पोटातच काहीतरी खोट आहे, दुसरं काय!"

थोरलीने मान खाली घातली. तिला ते पाठ असावं. खाटेवर लेकीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "बाबा, खरं सांगा हो. माझ्यामुळे लागलं का हिला?"

सरांनी तिचे डोळे पुसले. "नाही गं राणी! सुरी लागलीय सुरी. घाई केली या मॅडमनी. शेवटचा पदर बोटाने उघडायचा, हे हजारदा शिकवलंय मी..."

दुसऱ्याच्या हातातल्या सुरीबद्दल खरं बोलायला काय जातं! पण मॅडम दारातच उभ्या होत्या, आणि ते बोटाचं सरांनी त्यांना एकदाही शिकवलं नव्हतं.

"चुकलंच सर," मॅडम लेकीकडे बघत म्हणाल्या. "मला माफ करा. आणि नखाचं... मला वाटलं, असंच सांगायचं असतं."

मग थोरलीने मान वर केली.

"आणि आमच्या चिंगीचं, डॉक्टर?"

नख म्हणायला कितीसा वेळ लागतो! जिभेवर आलंही होतं. पण लेक त्यांच्याकडे बघत होती, आत्ताच ज्या डोळ्यांनी खरं मागितलं होतं त्याच डोळ्यांनी.

"सुरीच," सर म्हणाले. "माझी."

थोरलीने शेजारी उभ्या चिंगीला जवळ ओढलं. "पाच वर्षं हो!" ती म्हणाली. तिला हसू येतंय की रडू, कळेना. "पाच वर्षं हिची नखं जिव्हाळीपर्यंत कापतेय मी. रक्त येतं कधीकधी. पोर रडते, तरी हात धरून कापते. रात्री मोजे घालून निजवते. आणि ह्या..." तिने सासूकडे पाहिलं. विहीणबाईंना अचानक खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं होतं.

लेकीने आपल्या बाळाचे दोन्ही हातमोजे ओढून काढले.

सर चिंगीसमोर गुडघ्यावर बसले. माफी कशी मागतात, ते त्यांना येत नव्हतं. सवय नव्हती. त्यांनी तिचे हात हातात घ्यायला आपले हात पुढे केले.

चिंगीने झटकन दोन्ही मुठी पाठीमागे लपवल्या. तिला वाटलं, आता हेही नखं कापायला आले.