परबांचा गडगा

परबांचा गडगा रोज दुपारी, आम्ही जेवायला बसलो की, वीतभर आमच्या बाजूला सरकायचा. गडगा म्हणजे जांभ्या दगडांची छातीएवढी कुंपणभिंत. शाळेत बदली होऊन यवतमाळहून मी आईला घेऊन कोकणातल्या या गावात आले, तेव्हा तो आवाराच्या टोकाला, फणसापलीकडे होता. सामान लावून होईतो फणस परबांचा झाला. मग विहीर गेली. आता तो घराची भिंत ओलांडून मागच्या खोलीत, आईच्या बाजेपाशी आला होता.

गाव पहिल्या दिवसापासूनच माझ्या डोक्यात गेलं होतं. कपडे वाळत घातले की आणखी भिजायचे. वरणातसुद्धा खोबरं. माणसं 'येवा, येवा' म्हणायची आणि स्वतः दारात आडवी उभी राहायची. आमच्याकडे दोन शेतांमध्ये मातीचा धुरा असतो. त्यावरून लोक एकमेकांची डोकी फोडतात, पण धुरा आपणहून चालत नाही.

मी शेजारी गेले. रघुवीर परब ओसरीवर सुपारी कातरत होते.

"काका, तुमचा गडगा आमच्या घरात आलाय."

"गडगो थंयच आसा, बाई. तुमचा घर सरकता."

"घर कसं सरकेल?"

"नव्या माणसांचा तसाच होता पयल्यांदा. मगे सवय होता."

निघताना त्यांनी माझ्याच फणसाचे गरे माझ्या हातावर ठेवले. "बाजारात असो गोड गावाचो नाय," म्हणाले. मी ते गरे रस्त्यात फेकून दिले आणि घरी येऊन रडले.

खोलीबरोबर आई आखूड होत होती. बाज लहान झाली की तीही तेवढीच व्हायची. तिचं लुगडं फाडून फाडून मी पंच्याएवढं केलं होतं.

"मले तं आता चतकोर भाकर पुरते वं, कांते," ती म्हणायची. "तेवढंच तुयं काम कमी."

तिला राग येत नव्हता. म्हणून तिच्या वाटणीचाही मीच धरला.

या गावात अन्याय झाला की गाऱ्हाणं घालतात. गावाच्या देवळातला तातू घाडी ते देवाला मोठ्यानं सांगतो आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. ही रीत मला परबांनीच समजावून सांगितली होती, मोठ्या कौतुकानं.

मी घाडीला बोलावलं. त्यानं भर दुपारी गडग्यावर नारळ ठेवला. लोक जमले.

"काय होया ता सांगा, बाई. आणि खंयपर्यंत ता पण सांगा. देवाक थांबाची जागा दाखवची लागता."

इथली माणसं हे कधीच विसरत नाहीत. पाऊस मागितला तरी 'विहिरीच्या काठापर्यंत' म्हणतात. आईची खोली परत मागायची, एवढंच ठरवून मी आले होते. पण परब समोर गरे खात उभे होते.

"त्यांना जागा हवी ना?" मी म्हणाले. "द्या. पोट भरेस्तोवर द्या."

घाडी माझ्याकडे बघत राहिला. "तेच्या पोटाचा माप कोणाक म्हायत?"

"त्यांनाच. भरलं की म्हणतील पुरे. ते मला इथं ऐकू आलं पाहिजे."

घाडीनं हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या परबाक जागेची भूक लागली हा. तेचा पोट भरासर तेका जागा दी. तो पुरे म्हणतलो आणि बाईंका ऐकाक येतला, तेव्हा थांब रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. त्यात परबांचा आवाज सगळ्यात मोठा होता.

त्या दुपारपासून परबांचं घर लांबायला लागलं. परबकाकूंनी चुलीवरून आणलेला भात ओसरीपर्यंत पोचता पोचता आंबायला लागला. मग त्या मागच्या दारानं केळी आणायला गेल्या, त्या अजून परसातच चालत आहेत. परब सकाळी विहिरीवर निघायचे आणि तहानेनं अर्ध्या वाटेवर बसायचे. मी खिडकीशी खुर्ची टाकून बघायचे. जिवाला गार वाटायचं, खोटं कशाला सांगू?

ती जागा आमच्याकडूनच जात होती. चूल गेली, मोरी गेली, शेवटी खुर्चीही गेली. आईला मी आधी सुपात ठेवत होते, मग वाटीत ठेवायला लागले.

आज दुपारी परब ओसरीच्या पार त्या टोकाला उठून उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात जोडून वर केले. तोंड उघडलं. आवाज आला नाही.

घाडी गडग्याला कान लावून बसला होता. "पुरे म्हणालो तो," तो म्हणाला. "हात जोडून म्हणालो. पण ओसरी आवाजापेक्षा बेगीन वाढता. तो आवाज हय पोचाचो नाय."

तो माझ्याकडे वळला.

"बाई, गाऱ्हाणा तुमचा. तुमी पुरे म्हणा. आताच्या आता थांबात."

माझ्या पाठीला दार लागलं होतं आणि छातीला गडगा. आई माझ्या तळहातावर होती, तुरीच्या दाण्याएवढी. आवाज मात्र तिचा पहिल्यासारखाच होता.

"बस झालं वं, कांते. म्हण पुरे."

मला तो शब्द परबांच्या तोंडून हवा होता. ज्या तोंडानं त्यांनी माझे गरे खाल्ले, त्याच तोंडून. दूरवर ते तोंड उघडं दिसत होतं.

"ऐकू येते नं तुले?" आई म्हणाली.

दगड बरगड्यांना टेकला. मी मूठ मिटली आणि परबांच्या तोंडाकडे बघत राहिले.