पाणी कोणाचं

काराकुमच्या वाळवंटात पाण्याला कोणी गोड किंवा खारट म्हणत नाही. ज्याला सोसेल त्याचं ते पाणी: माणसांचं असतं, मेंढ्यांचं असतं, नाहीतर उंटांचं. कोणतं पाणी कोणाचं, ते आमच्या अकरा घरांत याझमुराद आगा सांगायचे. नव्या विहिरीचा पहिला घोट त्यांचा. चाळीस वर्षांत त्यांचा शब्द एकदाही फिरवावा लागला नव्हता.

मला माणसं न्याहाळायची खोड. हिवाळ्यात आगांना मोठा ताप येऊन गेला, त्यानंतर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. चहाचा वाडगा हातात आला की ते आधी आमची तोंडं बघायचे. एकदा चांगल्या चहाला मी मुद्दाम तोंड वाकडं केलं.

"कडू झालाय," आगा म्हणाले.

"आगा, तुमची जीभ डोळ्यांत जाऊन बसली की काय?"

ते हसले नाहीत. मग मीही तो विषय पुन्हा काढला नाही.

वसंतात त्यांच्या मुलाने, बेगेंचने, चार महिने खणलेल्या विहिरीला पाणी लागलं. जुनी विहीर दरवर्षी थोडी थोडी बिघडत गेली होती आणि आमच्या जिभा तिच्याबरोबर. पोरांची पोटं मात्र बिघडायची थांबत नव्हती. नवं पाणी माणसांचं निघालं तर सगळे इथेच राहणार होते. नाही निघालं तर कालव्याकडे, जिथे जागा मिळेल तिथे पांगायचं.

सगळे काठाशी जमले. आगांच्या सुनेने, ओगुलसोनाने, वाडगा भरून दिला. ती कालव्याकाठची मुलगी. रीतीप्रमाणे सासऱ्यासमोर डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरून असायची. दोन वर्षांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

आगांनी घोट घेतला. तोंडात घोळवला. गिळला. मग आमच्याकडे बघितलं. पण त्यांच्याआधी कोणी प्यायलं नव्हतं, तेव्हा वाचायला चेहरा कुठून मिळणार?

"बोला की आगा," शेजारचा मेरेद म्हणाला. "माझी उंटीणसुद्धा कान टवकारून बसलीय!"

दोघंतिघं हसले. आगांनी वाडगा खाली घेतला.

"माझी जीभ गेली," ते म्हणाले. "तापातच गेली. इतके दिवस तुमची तोंडं बघून बोलत होतो."



"मग मी पिऊन सांगतो," मेरेद पुढे झाला.

"तू जुन्या विहिरीचं पितोस आणि माणसांचं म्हणतोस. तू काय सांगणार?" आगा सुनेकडे वळले. "सूनबाई, तू कालव्याच्या पाण्यावर वाढलीस, तू पी. आणि तोंड उघड."

तिने बेगेंचकडे पाहिलं. त्याच्या केसांत अजून माती होती. मग तिने रुमालाचं टोक सोडलं आणि प्यायली.

"हे कोणाचं, ते मला नाही कळत, बाबा." आवाज मला वाटला होता त्याहून जाडा होता.

"ते मी बघतो. तू फक्त सांग, कसं लागतं?"

"आधी काहीच लागत नाही. छान गार. गिळल्यावर जिभेच्या कडा ओढल्यासारख्या होतात."

"आणि मग?"

"मग..." ती थांबली. "खूप रडून झाल्यावर ओठांवर राहतं ना, तसं."

"पुन्हा प्यावंसं वाटतं?"

"वाटतं. प्यायलं की आणखीच वाटतं."

आगांनी डोळे मिटले. तो घोट ते आता, तिच्या तोंडून, घेत होते.

"मेंढ्यांचं," ते म्हणाले.

बेगेंचने विहिरीतला दोर ओढून घेतला आणि हातावर गुंडाळायला लागला. चार महिन्यांचा दोर, संपता संपेना. मेरेद त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि दुसरं टोक धरलं.

ओगुलसोनाने सवयीने रुमालाचं टोक वर घेतलं.

"खालीच राहू दे ते," आगा म्हणाले. "पुढच्या ठिकाणीही पाणी बघावं लागेल."