आमच्याकडचे थॉर्नबेक

“चायमंधी साखर नाई, अन् पोरीले नवरा भेटला त तोबी घरचाच.”

कुडाच्या पलीकडून मामाजी पुटपुटले. मामाजी म्हणजे माझे सासरे, कोलूबुवा. वय अठ्ठ्याहत्तर. कुडाला कान नसतात असं त्यांना वाटतं, आणि मी सत्तावीस वर्षं त्याच कुडाच्या अलीकडे चुलीशी बसते आहे. साखर मी मुद्दाम कमी घालते, डॉक्टरांनी सांगितलंय. नवऱ्याचं मात्र कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं.

माझी मुलगी दीपाली अहेरीला नर्स आहे. एका सोमवारी पेशंटची नावं वाचताना तिच्या तोंडून “लोकेश थॉर्नबेक” निघालं. तिला वाटलं, कोणीतरी तिची मस्करी करून राह्यलं. तेवढ्यात एक पोरगा एका पायावर उड्या मारत पुढे आला. मित्राच्या लग्नाला माजरीहून आला होता आणि मोटारसायकलवरून पडला होता. त्यानं तिच्या खिशावरची नावाची पट्टी वाचली आणि म्हणाला, “मॅडम, आधी तुमचं आधार कार्ड दाखवा, मंग मी माझं दाखवतो.” पाय तीन आठवड्यांत बरा झाला. तो मात्र नंतरही दर रविवारी पाय दाखवायला येत राहिला.

आता हे आडनाव काय प्रकरण आहे ते सांगते. आम्ही गोंड. आमच्यात सोयरीक करायची तर आधी देव विचारतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या देवांचे ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न होत नाही. एकाच आडनावात तर विचारायचंच नाही, ते सरळ भाऊ-बहीण. मी माहेरची मडावी, सात देवांची. थॉर्नबेक सहा देवांचे, म्हणून मी या घरात येऊ शकले. इंग्रज साहेबाचं आडनाव आणि गोंडांचे सहा देव, हा हिशेब कोणी जुळवला, असं मी नवी नवरी असताना सासूबाईंना विचारलं होतं. त्यांनी मला मोहफुलं वेचायला पाठवलं. मोहफुलांचा हंगाम नव्हता.

घरात सांगायची गोष्ट एकच होती. शंभरेक वर्षांपूर्वी आलापल्लीच्या पुढे जंगलात थॉर्नबेक नावाच्या साहेबाचा बंगला होता. साग मोजायचा, खुणा करायच्या, हे त्याचं काम. त्याच्याकडे आमचे दोन भाऊ नोकरीला. थोरला इतवारी घोडा सांभाळायचा, धाकटा रैनू कुत्रे. साहेब परत जायला निघाला तेव्हा जंगलखात्यानं इथं वनगाव बसवलं. खात्याचं काम करायचं आणि त्या बदल्यात जमीन कसायची. कारकुनानं दोघा भावांना आडनाव विचारलं, तर साहेब म्हणाला, माझंच लिही. रैनूचा मुलगा कोलू, म्हणजे आमचे मामाजी. इतवारीचा नातू दादाजी, तो चाळीस वर्षांपूर्वी माजरीला कोळशाच्या खाणीत लागला. लोकेश त्याचा मुलगा, तिथंच इलेक्ट्रिशियन. देवाच्या पूजेला दादाजी दरवर्षी न चुकता, पण एकटाच, इथं येतो, आणि पूजा मामाजी करतात. तीस वर्षं झाली, देवाच्या ठाण्यावर पहिला हात त्यांचाच लागतो. गावात ते बोलले की लोक बोलणं थांबवतात. सांगायचं एवढंच, की या गोष्टीनुसार दीपाली आणि लोकेश भाऊ-बहीण लागत होते.

“कोर्टात करू,” लोकेश म्हणाला.

“कर तू कोर्टात,” दीपाली म्हणाली. “आजोबा अक्षता टाकणार नसतील त मी तिथी येणार नाई.”

दोघं रडले नाहीत की भांडले नाहीत. तो रविवारी यायचा तेवढा बंद झाला. पोरगी घरी आली की भांडी फार जोरात घासायची.

मी अंगणवाडीत मदतनीस आहे. शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण दीपालीच्या पुस्तकांतून, पुडीच्या कागदांतून आणि सर्व्हेच्या रजिस्टरांतून. घरोघरी जाऊन माणसं लिहायची सवय हाडात गेली आहे, म्हणून मी ठरवलं की या आडनावाचाच सर्व्हे करायचा. आमच्या वनगावात चार घरं, एटापल्लीकडे एक, माजरीला तीन. माणसं एकोणतीस. याच्यापुढे मला एकही थॉर्नबेक सापडत नव्हता.

पुढची मदत आपण होऊन आली. दीपालीच्या नर्सिंगच्या निकालाची यादी कधीतरी इंटरनेटवर चढली होती, ती इंग्लंडातल्या एका बाईंना दिसली. एडिथ थॉर्नबेक, वय एक्क्याऐंशी, शाळामास्तरीण होत्या. तीस वर्षांपासून त्यांचा एकच उद्योग: जगात आपल्या आडनावाचं कोण कोण, कुठे कुठे आहे ते शोधायचं. त्यांनी दीपालीला मेल केला, दीपालीनं तो माझ्याकडे ढकलला. मी मोबाईलमध्ये मराठीत बोलायची, मोबाईल इंग्रजी करायचा. उलटही तसंच. मोबाईल कधीकधी असं मराठी बोलायचा की मला एडिथबाई पुण्याच्या वाटायच्या.

त्यांनी सांगितलं की इंग्लंडच्या उत्तरेला एक ओढा आहे, काठाला काटेरी झाडं आहेत, त्या ओढ्याचं नाव थॉर्नबेक. काठावरच्या मेंढीवाल्यांना लोक तेच नाव लावू लागले. हे मला लगेच कळलं. आमच्याकडे अर्धी गावं झाडाच्या आणि ओढ्याच्या नावानं आहेत, त्यात नवल काय. एकेकाळी त्या एका दरीत शंभरावर थॉर्नबेक होते. मग कापडाच्या गिरण्या आल्या, पोरं खाली शहरात गेली. काही कॅनडात गेली. एका लढाईत एकाच घरचे चार गेले. आता सगळ्या जगात मिळून एकसष्ट उरले. त्या दरीत एक म्हातारा आहे, त्याच्यानंतर तिथं कोणी नाही.

मी कळवलं, “बाई, काळजी करू नका. आमच्याकडे एकोणतीस आहेत, आणि एकाला दुधाचे दात येत आहेत.”

मला तेव्हा फार भारी वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. एकसष्टाच्या गणतीत आमचे एकोणतीस मिळवले की नव्वद. जगातला दर तिसरा थॉर्नबेक आमच्या जिल्ह्यांत भात नाहीतर कोळसा काढतो. मी चार्टपेपरवर नकाशा काढला. वर ती दरी, खाली आम्ही, मध्ये निळा समुद्र.

या सोयरिकीचा निकाल लावायला गोटुलात, म्हणजे गावाच्या सामायिक घरात, बैठक ठरली, रविवारी सकाळी. त्याच्या तीन दिवस आधी एडिथबाईंचा मोठा मेल आला. त्यात साहेबाचा सगळा वृत्तांत होता. हेन्री थॉर्नबेक. लग्न केलं नाही. मूलबाळ नाही. एकोणीसशे बारा साली इंग्लंडला परत गेला, बहिणीच्या घरी राहिला, तिथंच मेला. शेवटी बाईंनी फार हळू विचारलं होतं: “नीला, मी तुमची घरं माझ्या वंशवेलीवर कुठे जोडू? की शेजारी वेगळ्या कागदावर ठेवू? तुम्ही म्हणाल तसं.” खाली साहेबाचा फोटो.

मी आधी साल पाहिलं. वनहक्काच्या दाव्याची फाईल मीच भरली होती, रैनूचं वय मला तोंडपाठ होतं. जन्म एकोणीसशे नऊ. म्हणजे साहेब गेला तेव्हा रैनू तीन वर्षांचा. तीन वर्षांचं पोर साहेबाच्या शिकारी कुत्र्यांची देखभाल करायचं म्हणे. आणि त्याचा सख्खा थोरला भाऊ इतवारी तेव्हा बायको-पोरांचा धनी होता.

मग फोटो पाहिला. डावी भुवई शेवटाला वर गेलेली, छपराच्या टोकासारखी. चहात साखर कमी असली की मामाजींची भुवई अशीच वर जाते. सत्तावीस वर्षं मी तिच्यासमोर कप ठेवते आहे.

दीपाली शेजारी उभी होती. तिनं फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

“म्हणजे इतवारी अन् रैनू भाऊ नोव्हतेच,” मी म्हणाले. “तुमचं लग्न होऊ शकते.”

“अन् आजोबाचं?” ती म्हणाली. “बापाकडून देवच आले नाईत, असा माणूस पूजा करते का? तीस वर्षं त्यानं केली. आई, तू गोटुलात हे बोलली त मी लग्न करणार नाई. आजोबाचं नाक कापून मले नवरा नको.”

“मंग मी नकाशा काऊन काढला?”

“मले काय माहीत. छान काढला.”

तिच्या बापाला विचारलं, तर ते म्हणाले, बैल बांधून येतो. बैल बांधलेले होते.

मी तरीही अहेरीच्या स्टुडिओत जाऊन फोटो मोठा करून आणला. का, ते तेव्हा मलाही नीट सांगता आलं नसतं. सून आहे मी. सासऱ्याच्या बापाचा बाप कोण, हे सुनेनं चारचौघांत सांगायचं नसतं. पण फोटो दाखवायला तर कोणाची मनाई नाही, असं मी स्वतःला बजावलं.

रविवारी गोटुलात पन्नासेक माणसं. माजरीहून दादाजी आणि लोकेश आले होते. लोकेशनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. दीपाली बायकांत मागे बसली. गावाचे गायता, म्हणजे आमचे गावप्रमुख, यांनी थोडक्यात आटोपलं. “एक आडनाव, एक देव. भाऊ-बहीण होतेत. पोरांची चूक नाई, दूर दूर वाढले, त्याइले माहीत नोव्हतं. आता माहीत झालं.”

दादाजीनं तीच गोष्ट पुन्हा सांगितली. तो ती फार सुरेख सांगतो. इतवारीनं धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली, इथपर्यंत आला की त्याचा आवाज दरवेळी भरतो. या वेळीही भरला, आणि मध्येच थांबून तो मामाजींकडे पाहू लागला.

मग मी नकाशा उलगडला. लोकांना आवडला. समुद्र केवढा, मेंढ्या किती, तिकडे भात होतो का, असं सगळं विचारून झालं. एकसष्ट उरलेत म्हटल्यावर एक म्हातारी म्हणाली, “बिचारे.” मी सगळी उत्तरं ठणठणीत दिली. पण सालापर्यंत आले आणि तिथंच थांबले. दीपाली माझ्याकडे बघत होती. मी नकाशाखालून फोटो काढला आणि म्हणाले, “हा तो साहेब. पाहून घ्या.”

फोटो हातोहात फिरला. एकानं टोपी पाहिली. एकानं बूट. बंदूक कुठल्या बनावटीची यावर दोघांचं जुंपलं. दादाजीनं फोटो बराच वेळ धरला आणि म्हणाला, “कुत्रा मात्र जातिवंत व्हता.” पन्नास माणसांच्या हातातून तो गेला आणि त्या माणसाला तोंड आहे, हे एकानंही म्हटलं नाही. गायतांनी फोटो पाहिला, मामाजींकडे पाहिलं, परत फोटो पाहिला आणि म्हणाले, “पानी आना रे कोनी.”

तेव्हा मला कळलं, की मी काही शोधून वगैरे काढलेलं नाही. या गावात हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त मला मोहफुलं वेचायला पाठवलं होतं.

दादाजी उठून मामाजींजवळ आला. वाकला. हळू बोलला, पण गोटुल इतका शांत होता की सगळ्यांना ऐकू गेलं.

“कोलूकाका, राहू द्या. मी लोकेशले समजावतो. पोरगं हाय, एका वर्सात इसरते. तुमी कायले काही बोलता? आमचा आजा तुमच्या बापाले भाऊ म्हनून मेला. मी बी तसाच मरतो.”

लोकेश खाली बघत होता. त्यानं मान हलवली, हो म्हणून. दीपालीनंही, मागून.

मामाजींनी हात पुढे केला. फोटो कोणी देईना, शेवटी मीच दिला. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. त्यांनी तो लांब धरला, जवळ आणला, दाराच्या उजेडाकडे वळवला. पूजेच्या आधी ते तांदूळ निवडतात तशा सावकाशीनं पाहत होते. मग फोटो मांडीवर ठेवला, डोक्याचा पूजेचा पांढरा दुपट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली आणि गायतांसमोर ठेवली.

“काका,” दादाजी म्हणाला.

“बस तू खाली,” मामाजी म्हणाले. “तुझ्या आजानं दया केली, मनून मी अठ्ठ्याहत्तर वर्सं मान वर करून जगलो. त्याची परतफेड मी त्याच्याच पंतूचं घर मोडून करू का?” त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. “हा माझा आजा होय. रैनू या साहेबाचा पोरगा. इतवारी आमचा कोनी नोव्हता.”