साक्षीला आणलेली नंबरप्लेट

खिशातला स्क्रू बोटांत फिरत होता… आधी गुळगुळीत डोकं, मग आटे, मग टोक, की परत डोकं. तो फिरवला की बाळासोला धीर येई. या स्क्रूचा जोडीदार सकाळी गोठ्यापाशी स्कूटीची नंबरप्लेट काढताना टुणकन उडून कडब्यात गेला, तो गेलाच. नंबरप्लेट मात्र मांडीवरच्या पिशवीत होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. दौंडच्या कोर्टाच्या व्हरांड्यात लोकअदालतीला एवढी माणसं आली होती, कुणाकडे कागद, कुणाकडे वकील… पण खुद्द नंबरप्लेटच साक्षीला आणणारा आपण एकटेच, हे बघून त्याला मनातून फार बरं वाटलं होतं.

गाडीच्या दंडाच्या चलनाचा मेसेज आला तेव्हा त्यानं तो उघडलाच नव्हता. लिंक दाबली की खातं साफ, एवढं तर वडगाव रासाईत शेंबडं पोरही सांगेल. मग नोटीस आली. ती घेऊन तो आपल्या तालुक्याच्या म्हणून शिरूरच्या कोर्टात गेला, तर तिथला माणूस म्हणाला, “आप्पा, दंड यवतच्या हायवेला झालाय. दौंडला जावं लागंल तुम्हाला.” यवत! नदीच्या पलीकडं! लेकीच्या, ज्ञानेश्वरीच्या कॉलेजासाठी घेतलेली स्कूटी, पोरगी सासरी गेल्यापासून गोठ्यात गोणपाटाखाली उभी, ती काय उडून गेली यवतला? त्याच क्षणी त्याला लख्ख उमगलं, आपला नंबर कुणीतरी चोरलाय. पारावर त्यानं छातीठोकपणे सांगून टाकलं की चोर धरल्याशिवाय परत येणार नाही. हौशीराम म्हणाला, “बाळासो, तुला वकील कशाला, तूच अर्धा जज्ज हायेस.” आणि खोटं काय होतं त्यात?

घरी रोज संध्याकाळी त्याचं कोर्ट भरत असे. एका बाजूला आई, झुंबरबाई, आणि दुसऱ्या बाजूला बायको, सिंधू. आई भिंतीकडे बघत बोलायची, “या घरात मीठ फुकट मिळतं जनू…” सिंधू बोलायचीच नाही, भांडी आपटायची. मग दोघी याच्याकडे वळायच्या. तो थोडं हिच्या पदरात टाकायचा, थोडं तिच्या, आणि जेवण व्हायचं. दमून जायचा बिचारा, पण त्या दमण्यात एक सुख होतं… मी नसतो तर या दोघींनी एकमेकींना कच्चं खाल्लं असतं. सोमवारी तो टेम्पोतून शेवंती घेऊन पुण्याच्या मार्केटला जाई, तेव्हा मागे सिंधूनं आईला एसटीनं यवतला गुडघ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं, हेही त्यानंच ठरवून दिलेलं. केवढी मिनतवारी करावी लागली होती! दोघींची तोंडं वाकडी. आई म्हणाली होती, “हिच्यासंगं जाण्यापरीस गुडघं गेलेलं बरं.”

“बाळासो कोण?”

तो उठून आत गेला. टेबलामागच्या मॅडमनी नोटीस बघितली. “गाडी तुमची का?”

“नंबर माझा हाय, गाडी माझी न्हाई. ही बघा खरी!” आणि त्यानं नंबरप्लेट टेबलावर ठेवली. वर्तमानपत्राचा कागद सुटला, शेणाचा वाळका पोपडा मॅडमच्या फायलीवर पडला. मागच्या रांगेत खसखस पिकली.

“काका, ही कशाला काढून आणली?”

“पुरावा. माझा नंबर चोरलाय कुणीतरी.”

मॅडमनी ओठ आवळले आणि कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. “हा फोटो बघितलात का तुम्ही?”

आधी दिसली ती हेडलाइटखालची चीर… ज्ञानेश्वरी कॉलेजच्या गेटाला धडकली होती, ती. मग हँडलवरचे हात, हिरव्या बांगड्या. मग पदर, कमरेला करकचून खोचलेला. डोळ्यांवर ज्ञानेश्वरीचा गॉगल, डोक्यावर हेल्मेट नाही — आणि गॉगलखाली सिंधू हसत होती. पदराआड हसतात तशी नाही, सगळे दात दिसतील अशी, वाऱ्याला तोंड देऊन. आणि तिच्या मागे, एका हातानं तिची कंबर धरून, दुसऱ्या हातात भेळेचा पुडा उंच धरून… कोण बसलं होतं? बोळकं उघडं टाकून, डोळे मिटून, सुनेच्या पाठीला गाल लावून… अगं आई गं. आईच!

बाळासोनं राग यायची वाट पाहिली, पण राग येईना. मीठ… भांडी… वाकडी तोंडं… गुडघे! हे गुडघे? सिंधू गाडी शिकली कधी? लायसन काढलं असेल का? गॉगल ज्ञानेश्वरीचा, म्हणजे तिलाही माहीत… म्हणजे सगळ्यांना माहीत, आणि मी एकटा रोज संध्याकाळी पाट मांडून न्याय करत बसलोय!

“ओळखता का यांना?” मॅडमनी विचारलं.

मागून दोघे-तिघे वाकून बघत होते. एकजण म्हणाला, “आज्जी जोरात हायेत!” नाही म्हटलं तर अब्रू शाबूत. नंबर चोरलाय, बाया अनोळखी, पारावर ताठ मानेनं बसता येईल. नाही म्हणायला काय लागतं, एक शब्द. पण त्या हसणाऱ्या तोंडांकडे बघून मी यांना ओळखत नाही असं कसं म्हणू… आणि खरं सांगायचं तर ओळखतो तरी कुठं?

“व्हय,” तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. “गाडी आमचीच. चालवती ती माझी मालकीण. आन् मागं आमच्या मातोश्री.”

व्हरांड्यापर्यंत हशा गेला. मॅडमही हसल्या. “मग नंबर चोरीची तक्रार मागं घ्यायची ना?”

“घेतो की. मॅडम, तेवढा फोटो परत मोठा करता का?”

दंड भरून, नंबरप्लेट परत गुंडाळून तो मोटरसायकलनं निघाला. हेल्मेटच्या दुकानासमोर त्यानं गाडी थांबवली. दोन घ्यावीत. घेतली असती… पण दोन हेल्मेट घरी नेली की झालं, ती यवतची सवारी त्याच्या परवानगीची होणार, त्यानंच ठरवून दिलेली. आणि नाही नेली तर ती दोन उघडी डोकी हायवेला… दुकानदार बाहेर आला, तसा बाळासो पुढे निघाला. भीमेच्या पुलावर मात्र त्याच्या मनाला एकदम लागलं. मला का नाही सांगितलं? मी काय खाल्लं असतं त्यांना? आणि लगेच त्या भेळेची आठवण झाली, आणि हेल्मेटच्या आत तो एकटाच असा हसला की समोरची काच धुरकटली.

घरी अंगणात पाय टाकतो न टाकतो तोच आईनं भिंतीकडे तोंड केलं. “आला का बाबा? बघ तुझ्या बायकूचं. चहात साखर न्हाई, माझं गुडघं धरल्यात, इचारती का कुनी?”

आत पातेलं आपटलं. सिंधू दारात आली, पदर डोक्यावर नीट. “साखर दिसती ह्यास्नी, डबा रिकामा दिसत न्हाई.” आणि मग, जाता जाता म्हणावं तसं, “अहो, गोठ्यातल्या गाडीची पाटी कुठं दिसत न्हाई ती?”

तो बघत राहिला. आज पहिल्यांदा त्याला दिसलं की बोलून झाल्यावर आईची नजर भिंतीवरून घसरून आधी सिंधूकडे जाते… क्षणभरच, मग त्याच्याकडे येते. काय तयारीचं काम! किती वर्षं? सुरुवातीला खरंच भांडत असतील. मग कधीतरी मिटलं असेल, आणि त्याचं कोर्ट तेवढं मोडवलं नसेल. त्याला दमून यायला, निकाल द्यायला, घरात आपली गरज आहे असं वाटायला… त्याच्यासाठी? की हा निकालात गुंतलेला बरा, म्हणून? दोन्ही असेल. आणि आतून हसू वर चढत होतं.

“आता तूच सांग,” आई म्हणाली, “कुनाचं चुकलं?”

दोघी त्याच्याकडे वळल्या. निकालाची वेळ झाली होती, आणि त्याला निकाल सुचत नव्हता. परवा सोमवार, त्याचा मार्केटचा दिवस. “दम धर जरा,” तो कसाबसा म्हणाला, “माझा एक स्क्रू पडलाय,” आणि हसरं तोंड लपवत तो गोठ्यात शिरला, गुडघे टेकून कडबा चाचपत राहिला. एका स्क्रूवर नंबरप्लेट यवतपर्यंत टिकली नसती.