शेवटची धडक

शनिवारचा एक सामना जिंकला की व्हर्लिन हॉगनचे दोनशे विजय पुरे होणार होते. एकतीस वर्षं एकाच कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा कोच म्हणून घासल्याचं फळ म्हणजे मैदानाला त्याचं नाव लागणार होतं. धान्यकोठारांचा मालक मिलो ड्रेसेन यानं दगडी पाटी सांगूनही ठेवली होती. त्याच विजयानं पोरांना विभागाचं अजिंक्यपद मिळणार होतं, बावीस वर्षांनी पहिलं. मग हॉगन निवृत्त. असं सगळं ताट वाढून ठेवलेलं असताना गुरुवारी सकाळी रजिस्ट्रार ओपल रीडलनं त्याला बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"टेसन कोपेकीला रसायनशास्त्र सोडायला कुणी सांगितलं?"

टेसन म्हणजे संघाचा चेंडू फेकणारा, सगळी भिस्त त्याच्यावर.

"मी. प्रयोगाचा तास ऐन सरावाच्या वेळी येत होता. पंधरा क्रेडिट होती, तीन गेली, बारा उरली. खेळायला बाराच लागतात. मोजून सांगितलं मी."

"प्रयोगाचं एक वेगळं असतं, व्हर्लिन. चार गेली. अकरा उरली."

हॉगननं बोटांवर पुन्हा मोजलं. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाचं अंतर यार्डात बिनचूक सांगणारा माणूस हा. पण तीन की चार, एवढं विचारायचं त्याच्याकडून राहिलं होतं. विषय सोडल्यानंतर टेसन तीन सामने खेळला होता. तिन्ही जिंकलेले. अपात्र खेळाडू खेळवला की विजय रद्द, हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"मला. आणि आता तुला. सत्र संपेपर्यंत हे कागद कुणी उघडत नाही." ओपलनं चष्मा पुसला. "मी तुला काही सुचवत नाहीये हं. कधी उघडतात, तेवढंच सांगतेय."

हॉगन सालस होता, पण संत नव्हता. दोन तास तो नुसता गाडीत बसून राहिला. स्वतःचे तीन विजय सोडून द्यायला त्याला अर्धा तास पुरला. उरलेला दीड तास शेवटच्या वर्षाच्या चौदा पोरांत गेला. आपल्या खरेपणाची किंमत त्यांनी भरायची, हा कुठला न्याय? पण गप्प बसायचं तर टेसनलाही गप्प बसायला शिकवावं लागलं असतं. पोरांना पडायला शिकवलं, उठायला शिकवलं. हे शिकवायला त्याची जीभ रेटेना. एक वाजता त्यानं स्पर्धा चालवणाऱ्या विभागाच्या कचेरीला फोन केला.

हंगामातला शेवटचा सराव त्याच दुपारी होता. त्या दिवसाची रीत ठरलेली. संघ दोन रांगांत उभा राहतो, मधून शेवटच्या वर्षाचा एकेक जण धावत येतो आणि सरावाच्या जाडजूड गादीवर कॉलेजातली शेवटची धडक देतो. गादी कोचनं धरायची आणि धडकेआधी त्या पोराबद्दल चार शब्दही कोचनंच बोलायचे.

हॉगननं गादी उचललीच नाही. "आधी ऐका," म्हणाला आणि सगळं सांगून मोकळा झाला. चूक टेसनची नाही, माझी, हे दोनदा सांगितलं. "तीन विजय गेले. अजिंक्यपद गेलं. टेसन शनिवारी बाहेर. तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला वाचवायला तुम्ही 'फोन करू नका' म्हणाला असता."

टेसन मान खाली घालून उभा राहिला. बोलला तो बचावफळीतला मार्कीस टॉलिव्हर.

"चार वर्षं मी पहाटे पाचला उठलोय, कोच."

"हो."

"आणि तुम्हाला तीन आणि चार कळेनात?"

"नाही कळले."

"मला राग आलाय."

"यायलाच हवा."

मग ऑडी ब्रँडवोल्ड, एकशेतीस किलोचा आडदांड गडी, पुढे झाला आणि त्यानं गादी उचलली.

"कोच, जा तिकडे. रांगेच्या टोकाला."

"कशाला?"

"तुमचंही शेवटचंच वर्ष ना? द्या धडक."

"अरे, माझा गुडघा..."

"गुडघ्याची सबब सांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, ते चारचौघांत सांगू का?"

"ऑडी, चार शब्द!" मागून कुणीतरी ओरडलं.

ऑडीनं घसा साफ केला. "हा व्हर्लिन हॉगन. वय चौसष्ट. वेग नाही, उंची नाही, गणिताच्या नावानं तर बोंबच." रांगेत फिसकन हसू फुटलं. "पण चुकला तर स्वतः येऊन सांगतो. मार्कीस, दुसरी बाजू धर."

मार्कीस जागचा हलला नाही. मग सावकाश आला आणि गादीला खांदा लावला. "मी एक इंचही मागे सरणार नाही," म्हणाला.

हॉगन लंगडत, धापा टाकत आला, गादीवर आपटला आणि सपशेल आडवा झाला. गादी तसूभर सरकली नाही. पोरं पोट धरधरून हसली. टेसननं त्याला हात देऊन उठवलं. त्यानंतर चौदाही जणांनी धडक दिली, आणि हॉगननं एकाबद्दलही चारच शब्दांत आवरलं नाही.

शनिवारी ते एका गुणानं जिंकले. एकशे सत्त्याण्णव. मिलोनं पाटी रद्द केली. त्याला दोनशे म्हणजे दोनशेच हवे होते.

कुणी काय भरलं ते बघायचं तर हॉगनची पाटी गेली, जिच्यावाचून त्याचं एकतीस वर्षं काही अडलं नव्हतं. टेसनचा एक शनिवार गेला. पुढच्या सत्रासाठी त्यानं रसायनशास्त्र घेतलं, प्रयोगासकट. सगळ्यात जास्त भरलं ते चौदा जणांनी, तेही कुणी न विचारता. सामना संपल्यावर मार्कीसनं हॉगनशी हात मिळवला नाही. बाकावर पाय लांब करून बसलेल्या कोचकडे त्यानं एकदा पाहिलं, "बर्फ आणा रे कुणीतरी," असं ओरडला, आणि बर्फ येईपर्यंत तिथेच उभा राहिला.